टॉवर स्पीकरचा आवाज का बसतो?

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)

टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले उंच टॉवर स्पीकर ही आता काही श्रीमंतीची खूण राहिलेली नाही. घुग्घुसमध्ये खाण कामगारांच्या वसाहतीत, सिमेंटनगरात, बाजारातल्या दुकानात, मंडळाच्या खोलीत ते सहज दिसतात. कुणी बोनसच्या पैशातून घेतलेले असतात, कुणी हप्त्यावर. घरच्या वाढदिवसापासून भजनापर्यंत सगळीकडे त्यांचीच साथ असते. आणि एक दिवस ते गप्प होतात. दुकानात नेले की बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येते : ‘आतला बोर्ड गेला.’ नवा बोर्ड बसतो, पैसे दिले जातात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार. ग्राहक कारागिराला बोल लावतो, कारागीर बोर्डाला.

‘बोर्ड गेला’ ही फक्त बातमी झाली. माणूस गेला एवढे कळल्याने तो कशाने गेला हे कळत नाही, तसेच हे आहे. पेटीतला ॲम्प्लिफायर आपण होऊन क्वचितच मरतो. उष्णता, धूळ, विजेचा चढउतार, पेटीची थरथर किंवा चुकीची जोडणी यांपैकी कुणीतरी त्याला मारलेले असते. तो मारेकरी सापडला नाही, तर नवा बोर्डही त्याच्याच तावडीत जातो. म्हणून बिघाड शोधायचा म्हणजे जळालेला भाग शोधायचा, एवढेच नव्हे. तो का जळाला हेही शोधायचे. ते कसे शोधायचे, त्यातले घरी काय करता येते आणि कुठे हात आवरायचा, याविषयी आज थोडे बोलू.

पेटीच्या आत काय असते?

जोडीतल्या एका टॉवरच्या पाठीमागे विजेची वायर, बटणे आणि धातूची पट्टी दिसते. सगळा संसार त्याच पेटीत असतो. दुसऱ्या टॉवरला फक्त दोन तारा जातात. त्यात वूफर, ट्विटर आणि ट्विटरच्या आधी जोडलेला एखादा कंडेन्सर याखेरीज फारसे काही नसते. सगळ्याच कंपन्यांची रचना अशी नसते, पण बाजारातल्या बहुतेक जोड्या याच पद्धतीच्या असतात.

या मुख्य पेटीत दोन वाटा आहेत असे समजा. पहिली विजेची वाट. भिंतीतल्या प्लगातून आलेली २३० व्होल्टची वीज फ्यूज आणि स्विचमधून ट्रान्सफॉर्मरकडे किंवा नव्या संचात एसएमपीएसकडे जाते. तिथे ती कमी दाबाची होते, डायोडच्या ब्रिजमधून एकदिश होते आणि मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये साठून शांत होते. दुसरी आवाजाची वाट. मोबाइल, टीव्ही किंवा पेनड्राइव्हमधून आलेला अगदी दुबळा संकेत आधी निवडीच्या भागातून, मग व्हॉल्यूम आणि टोनच्या भागातून पुढे सरकतो. या दोन्ही वाटा शेवटी पॉवर आयसीपाशी भेटतात. तिथे दुबळ्या संकेताला विजेचे बळ मिळते आणि वूफरचा पडदा हलू लागतो.

आवाज बंद झाला म्हणजे या दोनपैकी एक वाट कुठेतरी तुटली. कोणती वाट, आणि कोणत्या वळणावर, हे एकदा ठरले की अर्धे काम झाले. ते न ठरवता थेट आयसी बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आपल्याकडची हवा आणि पेटीचे आयुष्य

घुग्घुसच्या भोवताली कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे, स्पाँज आयर्नचा कारखाना आहे, आणि रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक धावतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक जाहीर केला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. ही धूळ आपल्या छातीत जाते तशी यंत्रातही जाते. साध्या मातीची धूळ बहुतांशी वीज वाहू देत नाही. कोळशाच्या धुळीत मात्र कार्बन असतो. उन्हाळाभर ती बोर्डावर कोरडी पडून राहते आणि काही करत नाही. जुलैत हवा दमट झाली की तीच धूळ ओल धरते आणि जिथे वीज जायला नको तिथे बारीक वाट करून देते. म्हणून पावसाळा सुरू होताच घूंघूं, खरखर किंवा आपोआप चालू-बंद होण्याच्या तक्रारी सुरू झाल्या, तर आधी धुळीवर संशय घ्यावा.

दुसरा शत्रू उष्णता. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात लाकडी पेटी बंद, पाठ भिंतीला टेकलेली आणि आत तापलेला हीटसिंक. अशा वेळी पेटीच्या आत हीटसिंकजवळ ६५ ते ७५ अंश तापमान होणे काही अवघड नाही. याचा पहिला बळी म्हणजे फिल्टर कंडेन्सर. त्याच्या डबीत कागदात मुरलेले द्रावण असते आणि उष्णतेने ते हळूहळू सुकते. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो, याचे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडले. त्यावरून कारागिरांच्या उपयोगाचा एक ढोबळ नियम निघतो : तापमान १० अंशांनी वाढले की कंडेन्सरचे आयुष्य निम्मे होते.

कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असे छापलेले असते. समजा, दोन्ही कंडेन्सर आपापल्या कमाल तापमानाला २००० तास टिकणारे आहेत आणि पेटीच्या आत ७५ अंश आहे. ८५ अंशांचा कंडेन्सर ४००० तास टिकेल. रोज पाच तास संच लावला तर झाली ८०० दिवस, म्हणजे सुमारे सव्वादोन वर्षे. १०५ अंशांचा कंडेन्सर त्याच जागी १६,००० तास टिकेल, म्हणजे पावणेनऊ वर्षांच्या आसपास. दोघांच्या किमतीत फरक थोड्या रुपयांचाच असतो. कंडेन्सर बदलायचाच असेल तर ‘१०५ अंशांचा टाका’ एवढे सांगण्याचा हा फायदा.

तिसरा शत्रू तर पेटीतच राहतो. वेगळ्या डब्यातला ॲम्प्लिफायर निवांत बसलेला असतो. टॉवरमधला ॲम्प्लिफायर मात्र वूफरच्या शेजारी, प्रत्येक ठोक्याला हादरणाऱ्या लाकडावर स्क्रूने आवळलेला असतो. वर्षानुवर्षे ही थरथर आणि तापणे-निवणे चालू राहिले की जड भागांच्या पायांचे डाग सैल होतात. यालाच कारागीर ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. पेटीवर थाप मारली की आवाज परत येतो, तो याच कारणाने.

पेटी न उघडता काय कळते?

बरेच काही कळते, आणि हे काम कुणीही करू शकतो. पहिला प्रश्न : दिवा लागतो का? दिवाच लागत नसेल तर विजेच्या वाटेकडे पाहा. त्याच प्लगात दुसरे काही लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून थेट भिंतीत लावा. पेटीच्या मागे वायर खोचायची जागा असेल तर ती सैल नाही ना, हे पाहा. काही संचांत तिथेच छोट्या खणात फ्यूज असतो. प्लग काढून तो तपासा आणि जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. फ्यूजच्या जागी तांब्याच्या चार तारा गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे आहे; ती कृपा करून सोडा. फ्यूज जळाला म्हणजे त्याने आपले काम केले. नवा फ्यूजही लगेच उडाला तर आत शॉर्ट आहे, तिसरा घालू नये.

दिवा लागतो पण आवाज नाही, असे असेल तर स्रोत बदला. ब्लूटूथवर आवाज नाही आणि ऑक्सच्या वायरवर आहे, तर पॉवर आयसी ठणठणीत आहे; दोष ब्लूटूथच्या छोट्या भागात आहे. रिमोटचे म्यूट दाबले गेले नाही ना, चुकीचा स्रोत निवडला गेला नाही ना, हेही पाहा. पुष्कळ संच एवढ्यावरच दुकानातून परत येतात.

एकच टॉवर बंद असेल तर उपाय आणखी सोपा. संच बंद करून दुसऱ्या टॉवरची वायर सोडवा आणि घरात असलेला एखादा चांगला स्पीकर त्या जागी जोडून बघा. तो वाजला तर ॲम्प्लिफायर ठीक आहे. सोडवलेल्या टॉवरच्या दोन तारांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. ‘खट्’ असा आवाज आला आणि वूफरचा पडदा किंचित हलला तर त्याची कॉइल जिवंत आहे. मीटर असेल तर ओहम मोजा : ४ ओहमचा स्पीकर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो, ८ ओहमचा सहा-सात. शून्याजवळ दाखवला तर कॉइल शॉर्ट आहे, आणि आयसीचा मारेकरी तुमच्या हाती लागला आहे.

आवाज येतो पण सोबत घूं असा सूर लागतो, तेव्हा व्हॉल्यूमचे बटण हाच आपला स्टेथोस्कोप. बटण पूर्ण कमी केले तरी घूं तेवढाच राहतो? मग दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे वीजपुरवठ्यात किंवा पॉवर आयसीत आहे. पहिला संशय सुकलेल्या फिल्टर कंडेन्सरवर. बटणाबरोबर घूं कमी-जास्त होतो? मग दोष व्हॉल्यूमच्या मागे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वायरीत, टीव्हीच्या जोडणीत किंवा आधीच्या भागात. जुन्या पद्धतीचे गोल बटण फिरवताना नुसती करकर होत असेल तर बटणात धूळ गेली आहे, एवढेच.

शेवटचा प्रश्न वेळेचा. संच अर्धा तास छान वाजतो, मग बंद पडतो आणि निवल्यावर पुन्हा सुरू होतो, असे असेल तर आयसी मेलेला नाही, तो स्वतःला वाचवतो आहे. आजच्या पॉवर आयसींमध्ये फार तापल्यावर बंद होण्याची सोय असते. इथे आयसी बदलून उपयोग नाही. तो का तापतो हे पाहायला हवे.

ही सगळी उत्तरे एका कागदावर लिहून कारागिराकडे न्या. डॉक्टरला ताप कधीपासून आहे हे सांगतो, तसेच हे.

झाकण काढण्यापूर्वी

इथून पुढचे काम ज्याला विजेचे काम येते त्याचेच. कारण साधे आहे. एसएमपीएस असलेल्या संचात २३० व्होल्टची वीज थेट एकदिश होऊन एका मोठ्या कंडेन्सरमध्ये साठते आणि तिथे तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. ‘प्लग काढला आहे, काही होत नाही’ या भरवशावर अनेकांनी झटके खाल्ले आहेत आणि असा झटका जीवही घेऊ शकतो. प्लग काढून थांबावे, मग मीटरने त्या कंडेन्सरवरचा दाब मोजावा, आणि तो उरला असेल तर दोन किलोओहम पाच वॅटच्या रेझिस्टरमधून, इन्सुलेशन असलेल्या चिमट्याने उतरवावा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणे हा मर्दपणा नाही. त्यात कंडेन्सरही जातो आणि डोळाही. पायात रबरी चप्पल असावी, फरशी कोरडी असावी, आणि चालू संचात मोजताना एक हात मागे ठेवावा. लहान मुले आसपास नकोत.

आधी डोळे, मग मीटर

झाकण काढल्यावर पहिले हत्यार डोळे. पेटीतल्या हवेच्या भोकातून झुरळे, मुंग्या, कधी पालही आत जाते आणि एसएमपीएसच्या दोन पायांमध्ये मरून शॉर्ट करते. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा, ओल्या फडक्याने नव्हे. मग कंडेन्सरच्या टोपीकडे पाहा. ती सपाट असायला हवी. फुगली असेल, वरची खाच उघडून तपकिरी द्रव आला असेल तर तो कंडेन्सर संपला. हा काही फक्त स्वस्त मालाचा रोग नाही. १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रावणाचे कंडेन्सर जगभरच्या नामांकित संगणकांत बसले होते आणि त्यांचे मदरबोर्ड असेच फुगून बंद पडले होते. त्यातले बरेच कंडेन्सर तैवानी बनावटीचे होते.

पुष्कळ बोर्डांवर मोठे भाग हलू नयेत म्हणून पिवळसर गोंद ओतलेला असतो. काही प्रकारचा गोंद उष्णतेने वर्षानुवर्षे तपकिरी, मग काळा होतो आणि वीज वाहू लागतो. तो दिसला तर खरवडून काढावा. फ्यूजशेजारी निळ्या चकतीसारखा भाग असतो, तो व्हॅरिस्टर. वीज पडल्याने किंवा लाइनवर अचानक दाब वाढल्याने तो फुटतो आणि फ्यूज नेतो, पण पुढचा सगळा बोर्ड वाचवतो. नुसता व्हॅरिस्टर आणि फ्यूज बदलून संच चालू झाल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांना नवीन नाहीत. बोर्ड उलटा करून भिंगातून डाग पाहावेत; पायाभोवती बारीक गोल रेघ दिसली तर तो डाग पुन्हा द्यावा.

आता वीज द्यायची, पण थेट नव्हे. आपल्याकडचे कारागीर वापरतात तो ‘सिरीज बोर्ड’ इथे फार उपयोगी पडतो. ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब संचाच्या वाटेत ओळीने जोडायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. संच चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. तो भक्क उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि सगळा जोर बल्बने झेलल्यामुळे नवे टाकलेले भाग वाचले. मात्र बल्ब झटक्यापासून वाचवत नाही, हे विसरू नये.

मग मीटर. क्रम विजेच्या वाटेचाच. उदाहरणार्थ, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर फिल्टर कंडेन्सरवर दोन्ही बाजूंना साधारण १६ ते १८ व्होल्ट मिळायला हवेत, एक अधिक आणि एक उणे. एक बाजू मिळत नसेल तर ब्रिज किंवा ट्रान्सफॉर्मर पाहा. दोन्ही आहेत, पण पुढच्या छोट्या रेग्युलेटरनंतर १२ किंवा ५ व्होल्ट नाहीत, तर ब्लूटूथ, टोन वगैरे भाग उपाशी आहेत. आयसीचा दोष नाही. तेही ठीक असेल तर आयसीची ‘म्यूट’ किंवा ‘स्टँडबाय’ची पिन पाहा. तिला योग्य व्होल्ट मिळाले नाहीत तर ठणठणीत आयसीही मुका राहतो.

शेवटी आयसीच्या बाहेर येणाऱ्या दोन स्पीकर तारांमध्ये डीसी मोजायचा. आवाज नसताना तो जवळजवळ शून्य, फार तर शंभर मिलिव्होल्टच्या आत असावा. तिथे १५-१६ व्होल्ट उभे असतील तर आयसी गेला आहे, आणि वूफर जोडलेला ठेवला तर त्याची कॉइलही जळेल. हे माप दोन तारांमध्येच घ्यावे. काही आयसींच्या दोन्ही तारांवर जमिनीच्या तुलनेत अर्धा पुरवठा असतो. तो त्यांचा स्वभाव आहे, दोष नाही.

आयसी का जळला?

समजा, आयसी गेल्याचे ठरले. टीडीए २०३० सारखा आयसी वर्षानुवर्षे बाजारात आहे, किंमतही फार नसते. पण बदलण्याआधी तीन गोष्टी पाहा. पहिली, स्पीकरची तार. टॉवरमागे चिमट्यात खोचलेल्या तारांचा एखादा धागा शेजारच्या तारेला टेकला असेल, तर नवा आयसी पहिल्याच गाण्याला जाईल.

दुसरी, वाढवलेले स्पीकर. आपल्याकडे गणपतीत, १४ एप्रिलला, लग्नात दारात आवाज हवा म्हणून त्याच तारांवर आणखी दोन पेट्या जोडल्या जातात. ४ ओहमच्या दोन पेट्या शेजारी शेजारी जोडल्या की भार २ ओहम होतो. आयसीला दुप्पट करंट द्यावा लागतो आणि तो तापतोही जवळपास दुप्पट. त्यात आवाज पूर्ण वाढवला, तर तो फाटायला लागतो आणि फाटलेल्या आवाजाने आधी ट्विटर जातो. घरच्या संचाकडून मंडपाचे काम करून घेणे हे बोर्ड जळण्याचे आपल्याकडचे फार मोठे कारण आहे. मंडपासाठी एका संध्याकाळचा संच भाड्याने आणणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट, उष्णतेची वाट. आयसीची पाठ आणि हीटसिंक यांच्यामधली पांढरी पेस्ट सुकली असेल तर ती पुसून नवी लावावी, स्क्रू नीट आवळावा. टीडीए २०३० ची धातूची पाठ आतून उणे पुरवठ्याला जोडलेली असते. म्हणून अधिक-उणे पुरवठ्याच्या संचात मध्ये अभ्रकाची पातळ पट्टी आणि स्क्रूला प्लास्टिकची वॉशर लागते. घाईत ती राहून गेली की नवा आयसी बसवताच शॉर्ट होतो, आणि मग ‘आयसी डुप्लिकेट निघाला’ असे म्हटले जाते. डुप्लिकेट आयसी बाजारात असतातच, पण प्रत्येक वेळी दोष त्यांचा नसतो.

दुरुस्ती की दुसरा मार्ग?

काही वेळा बोर्ड खरोखरच दुरुस्तीपलीकडे जातो : कागदासारखा काळा पडलेला, किंवा ज्याच्या आयसीवरचे नावच खोडलेले. तेव्हाही टॉवर भंगारात द्यायची गरज नसते. लाकडी पेटी, वूफर, ट्विटर चांगले असतील तर आतला बोर्ड काढून स्पीकरच्या तारा मागे नव्या टर्मिनलवर आणता येतात आणि बाहेर वेगळा छोटा ॲम्प्लिफायर जोडता येतो. तो थरथरीपासून आणि पेटीतल्या उष्णतेपासूनही दूर राहतो. फक्त एक खबरदारी : काही संचांत वूफर आणि ट्विटर यांना वेगवेगळे आयसी चालवतात. तिथे ट्विटरला कंडेन्सर न लावता थेट जोडले तर तो काही क्षणांत जाईल.

कंपनी सुटे भाग देते की नाही, हेही विचारायला हवे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. वस्तूची दुरुस्ती कशी होते, सुटे भाग आणि सेवा कुठे मिळते, ही माहिती कंपन्यांनी ग्राहकाला द्यावी हा त्यामागचा हेतू आहे. आणि बोर्ड टाकायचाच असेल तर तो तांब्यासाठी जाळू नका. त्यातले शिसे आणि प्लास्टिकचा धूर, आधीच धुळीने भरलेल्या आपल्या हवेत आणखी विष मिसळतो. ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून नव्या रूपात लागू झाले आहेत. अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जाव्यात.

राहिली काळजी, तीही फार खर्चाची नाही. टॉवरची पाठ भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. चालू असताना त्यावर कापडी झाकण नको. बंद असताना जरूर घाला. रात्री रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करा. आभाळ गडगडू लागले की प्लग उपसा, नुसते बटण पुरत नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आधी, कारागिराकडून आतली धूळ उडवून घ्या.

आणि दुरुस्ती करून घ्याल तेव्हा कारागिराकडे दोन गोष्टी मागा : काढलेला जुना भाग, आणि तो का गेला याचे उत्तर. चंद्रपूर असो, वणी असो की घुग्घुसचा बाजार, चांगल्या कारागिराला हा प्रश्न आवडतो. त्याचे उत्तर ऐकायला पाच मिनिटे जास्त लागली तरी चालतील. पुढच्या बोर्डाचे पैसे त्यातूनच वाचतात.